खालची खाच

गेज मेलेलंच होतं, शेठनं गाडी घेतली तेव्हापासून.
काटा पाव टाकीवर निजलेला,
भरली तरी पाव, आटली तरी पाव.
दस्तगीर मुलाणी त्याला जावई म्हणायचा:
"खातोय किती कळत नाही, जागचा हलत नाही."

म्हणून काठी.
मिरजेतनं आणलेली, कळकाची, दोन हात,
सीटच्या मागं पान्यांच्या पिशवीत उभी.
झाकण काढायचं, तळाला टेकेस्तोवर सोडायची,
वर काढून हेडलाइटपुढं धरायची,
ओली कुठवर, कोरडी कुठनं.
हे माझं काम. वय सतरा.
"किती?"
"वीतभर, उस्ताद."
"कुणाची वीत? तुझी का माझी?"

सपाटीला चार बोटं पुरतात, तो सांगायचा,
भुईंज ते उंब्रज मी चार बोटांत नेईन.
त्याच्या खाली डिझेल नसतं रे,
गंज असतो, पाणी असतं,
दहा पंपांचा गाळ असतो.
आणि चढाला टाकीसुद्धा कलंडती.
तेल मागं पळतं, नळी पुढं कोरडी बसती.
घाटात बोटं मोजायची नाहीत.
घाटाला वीत.

हे सगळं माहीत असलेला माणूस
डिसेंबरातल्या एका रात्री
शिरवळच्या अलीकडं, ढाब्याच्या मागं गाडी लावून
म्हणाला, कॅन आण.
वीस लिटर.
नळी त्यानं तोंडानं ओढली, थुंकला.
कॅन मी धरला.
पैसे मोजताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.
नंतर काठी मी घातली नाही,
आणि किती, हे त्यानंही विचारलं नाही.

भोसरीचे पत्रे, कुपवाडला टाकायचे.
खंबाटकीच्या मधल्या वळणावर
इंजिनानं एकदा आवंढा गिळला.
मग परत एकदा.
मग नुसता वारा, आणि पाठीमागं सोळा टन
परत खंडाळ्याकडं निघायच्या बेतात.
"दगड!"
मी उडी मारली ते आठवत नाही.
दगड चाकाखाली आणि माझं बोट दगडाखाली,
एवढंच आठवतं.

कराडचा एक टँकरवाला थांबला, दुधाचा.
दहा लिटर दिलं, पैसे घेतले नाहीत.
फिल्टरवरचा पंप दस्तगीर अंगठ्यानं दाबत राहिला,
ढिल्या नटातनं फेस, फेस, फेस,
आणि कधीतरी फेसाविना एक धार.
"एवढं खाली कसं जाऊ दिलंत?" टँकरवाल्यानं विचारलं.
"गेज खराब हाय."
"मग काठी घालायची की."
दस्तगीरचे हात नटावर थांबले.
"हरवली," मी म्हणालो.

सुरूरला चहा घेतला. माझ्या बोटाला त्यानं फडकं बांधलं.
मग हरवलेली काठी मागितली,
तळाकडनं स्वतःची वीत ताणून लावली
आणि सुरीनं खाच पाडली, खोल, जोर लावून.
"याच्या खालचं इकायचं नाही," म्हणाला.
वरचं इकायचं का, हे मी विचारलं नाही.

आता गाडी माझ्या नावावर आहे, हप्त्यांसकट.
पडद्यावर आकडा येतो, अजून इतके किलोमीटर.
टाकीच्या तोंडात चोराची जाळी, काठी आत जातच नाही.
खंबाटकीच्या आधी मी तरीही टाकी भरतो,
आकडा काय वाटेल ते म्हणो.
काठीनं आटपाडीचं पोरगं टायर ठोकून बघतं,
कुठला बद्द वाजतो, कुठला टणक.

परवा त्यानं खाचेत नख घालून विचारलं,
हे कशाचं माप?
"वीत आहे."
"कुणाची?"

मी काठी घेतली, हात ताणून लावला,
करंगळी तळाशी, अंगठा वर.
खाच अजून बोटभर लांब होती.